बादलीत मावेल तीच गोधडी द्या

दरवर्षी थंडी पडू लागली की वाटपं सुरू होतात. चौकात मंडप, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर दहा चेहरे आणि टेबलावर ब्लँकेटांची थप्पी. ब्लँकेटचं एक टोक घेणारीच्या हातात, दुसरं देणाऱ्याच्या हातात, आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी ते धरून ठेवायचं. महिन्याभराने ते ब्लँकेट कुठे आहे हे बघायला फ्लेक्सवरचं कुणी येत नाही. आम्ही जातो, कारण आमचं कामच घरोघर जाण्याचं आहे. एकदा धुतलं की त्याचा लगदा होतो, म्हणून घरातली बाई ते धुतच नाही. धुतलं नाही की वास, वासामागून खाज, आणि शेवटी ते दारातलं पायपुसणं होतं.

या स्वस्त करड्या ब्लँकेटांचा मोठा भाग हरियाणातल्या पानिपतहून येतो. परदेशांतून आलेले टाकाऊ लोकरी कपडे तिथे फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा काढतात. त्याला ‘शॉडी’ म्हणतात. धंदा म्हणून तो वाईट नाही, टाकाऊचं काहीतरी होतं आणि अनेकांची चूल त्यावर पेटते. पण तो धागा आखूड असतो, त्याचे बारीक तंतू सतत सुटत राहतात, आणि दम्याच्या माणसाने असं ब्लँकेट तोंडापर्यंत ओढलं की रात्रभर खोकला ठरलेला. पंधरा वर्षं वॉर्डात आणि त्यानंतर वस्तीत काढल्यावर आमचं मत असं झालं आहे की ज्या वस्तीत चार शिलाई मशिनं चालतात, त्या वस्तीने मंडपातल्या ब्लँकेटची वाट बघू नये. टेलरच्या पायाशी रोज जे कातरण पडतं, त्यातून आपणच गोधड्या शिवाव्यात आणि ज्यांच्याकडे आपल्याहून कमी आहे त्यांना द्याव्यात. आमच्या ओळखीची काही महिला मंडळं वर्षावासात विहारात दुपारी हेच करतात. त्यांच्या कामाबद्दल आदर आहेच. पण त्या गोधड्यांबद्दल आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

आपल्या हाताला जाड गोधडीची सवय आहे. आजीने शिवलेली वाकळ म्हणजे पाच-सहा लुगड्यांचे थर, आत फाटकं धोतर, वरून पुन्हा ठिगळं. अंगावर घेतली की माणूस दबून जातो. तिची ऊब खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण ती वाकळ गावात ओढ्यावर धुतली जायची, दोघी दोन टोकं धरून पिळायच्या आणि मग ती कुंपणावर दिवसभर उन्हात पडायची. वस्तीत ओढा नाही. नळाला पाणी येतं तासभर, तेही सकाळच्या घाईत. एका आजींच्या घरी नातवाच्या अंगावर खरूज होती. आम्ही म्हटलं, आजी, अंथरूण-पांघरूण सगळं गरम पाण्यात धुवा. त्या म्हणाल्या, “सिस्टर, ही वाकळ भिजवली तर घरातलं दोन दिवसाचं पाणी जाईल, आणि वाळवू कुठं? तुमच्या डोक्यावर?” आजी बरोबर बोलल्या. दहा बाय दहाच्या खोलीत, पोटमाळ्याखाली, दमट हवेत जाड गोधडी चार दिवस वाळत नाही. आतून ओली राहते, बुरशी धरते. मग ती धुतलीच जात नाही आणि वर्षानुवर्षं घाम, लघवी, धूळ पोटात घेऊन राहते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की दानाची गोधडी घरातल्या साध्या बादलीत बुडली पाहिजे. एका बाईला ती एकटीने पिळता आली पाहिजे आणि पत्र्यावर दिवसभराच्या उन्हात ती खडखडीत वाळली पाहिजे. याचा अर्थ तीन थर, फार तर चार. “तीन थरांनी थंडी कशी जाईल?” असं बायका विचारतात. ऊब कापडाच्या वजनात नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. ती हवा कोरडी असेल तरच. ओल धरलेली सहा थरांची वाकळ कोरड्या तीन थरांच्या गोधडीपेक्षा थंड असते. फार थंडी पडली तर दोन हलक्या गोधड्या एकावर एक घ्याव्यात, त्यांच्या मध्येही हवा अडकते. एक जड गोधडी शिवण्यापेक्षा तेवढ्याच कापडाच्या दोन हलक्या शिवा. एक धुवायला पडली तर दुसरी अंगावर राहते.

गोधडीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला. बाळ ओलं जन्मतं. वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचं कातडं मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. त्याला आपल्यासारखी हुडहुडीही भरत नाही, त्यामुळे ते गारठलं आहे हे बाहेरून कळत नाही. त्याच्या अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. त्याखाली गेलं की बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, रक्तातली साखर उतरते, आणि दूध न मिळाल्याने ते आणखी गार पडतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला हा धोका फार जास्त, कारण कातडीखाली चरबीच नसते. आणि आपल्या वस्त्यांत अशी बाळं कमी नाहीत. आईच्या अंगात रक्त नसतं, गरोदरपणात तिला आराम नसतो, मग बाळाचं वजन कुठून येणार?

थर्मामीटर घरात नसेल तर हाताच्या पालथ्या बाजूने बघा. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट गरम पण पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजू लागली आहे. दोन्ही गार असतील तर वेळ घालवू नका, बाळाला उघड्या छातीशी घट्ट धरून दवाखाना गाठा.

पहिली ऊब आईच्या कातडीची. कपड्याविना बाळ आईच्या छातीवर, डोक्याला टोपडं, बुडाला लंगोट आणि दोघांवरून मिळून गोधडी. दवाखान्यात याला ‘कांगारू मदर केअर’ म्हणतात. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात, जिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या तिथल्या डॉक्टरांनी १९७८ च्या सुमाराला ही पद्धत रूढ केली. आता मोठ्या दवाखान्यांतही ती वापरतात. म्हणजे गोधडी इथे बाळाची एकट्याची नाही, माय-लेकरांची आहे. तिची रुंदी आईच्या दोन्ही खांद्यांवरून येईल एवढी हवी. दुपट्याएवढी गोधडी शिवून “बाळासाठी” म्हणून देतात, तिचा उपयोग खाली अंथरायला होतो, तोही हवाच, पण वॉर्डात खरी टंचाई असते ती मोठ्या पांघरुणाची.

आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवत. ऊब देणं हा त्या कामाचा महत्त्वाचा भाग होता, अशक्त बाळासाठी कापडी झोपपिशवी आणि ब्लँकेटही त्यात होतं. तिथे नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि तो अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. केवळ पांघरुणाने हे झालं नाही. स्तनपान, जंतुसंसर्गावर औषध, घरभेटी, सगळं मिळून झालं. पण त्या सगळ्यात कापड होतं, हे लक्षात ठेवा. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येते, ते याच विचारातून आलं आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्याकडे बाळंतिणीला अजून शेक-शेगडी देतात. खोलीचं दार लावून, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबून कोळसा पेटवतात. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आई-बाळ झोपेतच जातात. घरात कोरडी, स्वच्छ, पुरेशी पांघरुणं असली तर शेगडीचा आग्रह सोडवायला आम्हाला सोपं जातं. “शेगडी नको” एवढंच सांगून सासूबाई ऐकत नाहीत. त्यांना हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

पण गोधडीची भीतीही सांगितली पाहिजे. बाळाच्या तोंडावरून गोधडी कधीही घ्यायची नाही. बाळ एकटं झोपलं असेल तेव्हा त्याच्यावर सैल, जड पांघरूण नको, त्याला अंगभर कपडे घाला आणि पाठीवर झोपवा. पाय सरळ ताणून गुंडाळू नका, खुब्याचा सांधा बिघडतो. मानेला घाम आला असेल तर एक थर काढा. उन्हाळ्यात गोधडी पेटीत गेली तरी चालेल.

आता वादाच्या मुद्द्यावर येतो. एका वस्तीत हा विषय मांडला तेव्हा एक तरुण उठून म्हणाला, “ताई, बाबासाहेबांनी आपल्याला चिंध्यांतून बाहेर काढलं आणि तुम्ही आम्हाला परत चिंध्या शिवायला लावता?” प्रश्न योग्य आहे. हसून टाळण्यासारखा नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत असं लिहिलं होतं. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा आपला ‘हक्क’ म्हणून सांगितला जाई. १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेलं आणि उष्टं खाणं सोडा म्हणून सांगितलं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. त्या वेळी स्त्रियांशी बोलताना लुगडं कसं नेसावं इथपर्यंत ते बोलले. कापड ही आपल्यासाठी कधीच नुसती कापडाची गोष्ट नव्हती.

आमचं त्या तरुणाला उत्तर असं आहे. उतरलेलं कापड कुणी तुमच्या अंगावर फेकणं वेगळं आणि तुम्ही स्वतः निवडून, धुऊन, मापात कापून शिवणं वेगळं. टेलरचं कातरण कुणाच्या अंगावरून उतरलेलं नसतं, ते कोरं कापड आहे. आम्ही दानासाठी कातरणाचा आग्रह धरतो तो म्हणूनच. आपल्या घरची जुनी लुगडी आपल्या घरच्या गोधडीत घाला, त्यात माया आहे, आईच्या लुगड्याची ऊब वेगळीच असते. पण परक्या बाईच्या बाळंतविड्यात कुणाची तरी वापरलेली साडी जाऊ नये, एवढा आमचा हट्ट आहे. बोहारणीला भांड्याच्या बदल्यातही जे घ्यायचं नाही, ते दानाच्या पिशवीत टाकायची सवय शिकल्या-सवरलेल्या घरांतही आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. घर वाहून गेलेल्या माणसांनी ते अंगाला लावले नाहीत. दिल्लीत १९९९ साली ‘गूंज’ ही संस्था सुरू करणारे अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कापड हे दयेचं नाही तर गरजेचं आणि सन्मानाचं आहे, हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे. त्यांच्याकडेही उरलेल्या तुकड्यांच्या सुजनी, म्हणजे गोधड्याच, शिवल्या जातात.

तुकडे जोडण्यात कमीपणा असता तर भगवान बुद्धांच्या संघाने तुकड्यांचं चीवर अंगावर घेतलं नसतं. विनयपिटकातल्या चीवराच्या प्रकरणात ही हकिगत आहे. भिक्खू आधी उकिरड्यावर, स्मशानात पडलेली वस्त्रं वेचून धुऊन वापरत, ती पांसुकूल. राजवैद्य जीवकाने उज्जैनच्या राजाकडून मिळालेलं उंची वस्त्र भगवंतांना अर्पण केलं आणि गृहस्थांनी दिलेलं चीवर स्वीकारण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. वैद्याने ही विनंती करावी हे आम्हाला विशेष वाटतं. पुढे मगधातल्या शेतांचे बांध आणि वाफे बघून आनंदाने त्याच नमुन्यावर चीवराचे तुकडे जोडले, तो नमुना आजही आपल्या भन्तेजींच्या अंगावर दिसतो. आणि उदयन राजाने आनंदाला विचारलं होतं की एवढ्या चीवरांचं करणार काय? आनंदाने सांगितलं, ज्यांची जीर्ण झालीत त्यांना देऊ. मग जीर्ण झालेल्यांचं काय? पांघरुणं करू. त्यांचं पुढे? गादीची खोळ, मग अंथरूण, मग पायपुसणं, मग फडकं, आणि शेवटी त्याचे तुकडे मातीत कालवून जमीन सारवू. राजाचं समाधान झालं. कापड शेवटच्या धाग्यापर्यंत वापरण्याची ही शिस्त आपल्या आज्यांनाही होती. क्रम मात्र बघा. नवं किंवा चांगलं माणसाच्या अंगावर, जीर्ण जमिनीवर. आपण दान करताना नेमकं उलटं करतो.

याच प्रकरणात अतिसाराने पडलेल्या, कुणी बघत नसलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतः अंघोळ घातली, ही कथा येते. मेलेल्या भिक्खूचं चीवर आणि पात्र त्याची शुश्रूषा करणाऱ्यांना द्यावं, हा नियमही इथेच आहे. नर्सिंगच्या पुस्तकात हे कुणी शिकवलं नाही.

कातरणाबद्दल आता कामाचं बोलू. टेलरकडून आलेलं पोतं सरळ ओतू नका. त्यात टाचण्या, मोडक्या सुया, ब्लेडचे तुकडे असतात. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सगळ्या ढिगावरून दोन-तीनदा फिरवा. कातरणात बारीक धूळ आणि तंतू असतात, तेव्हा निवडताना नाका-तोंडाला ओढणी बांधा, आणि दमा असलेल्या बाईला हे काम देऊच नका, ती शिवू शकते.

मग सुती आणि बाकीचं वेगळं करा. ब्लाऊजपीसात सुती पुष्कळ मिळतं, शाळेच्या गणवेशाचं कातरण बहुधा टेरिकॉटचं असतं. शंका आली तर तुकड्यातून एक धागा काढा आणि दारात, मुलं लांब ठेवून, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि मऊ राख राहते. टेरिलीन-नायलॉन वितळतं, काळा धूर देतं आणि टोकाला कडक मणी होतो. तोच वितळलेला मणी आगीत अंगाला चिकटतो आणि भाजलेल्या बाईच्या कातडीतून तो सोडवताना काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. सुती कापडही पेटतंच, कुणी समज करून घेऊ नये, पण ते असं चिकटत नाही. घाम टिपतं आणि गरम पाणी सोसतं. बाळाच्या अंगाला लागणारे दोन्ही बाहेरचे थर म्हणून सुतीच हवेत. जरी, टिकल्या, मणी, नेट, सॅटिन या कामात नको. ते मुलींच्या बाहुल्यांना द्या.

शिवण्याआधी तुकडे भिजवून ठेवा. खळ निघते, कच्चा रंग उतरतो, आणि कापड जे आटायचं ते आताच आटतं. नंतर आटलं तर गोधडी चुरगळते. लाल आणि निळं कातरण वेगळं भिजवा. आत भरण म्हणून कातरणाचा चुरा, उशीतला जुना कापूस, थर्माकोल घालू नका. एकदा पाण्यात गेलं की त्याचे गोळे होतात आणि मधली जागा पोकळ राहते. सपाट थरच हवेत. टाका बाहेरच्या कडेकडून आत घेत जा, म्हणजे घडी पडत नाही. बाळाच्या गोधडीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा बारीक घ्या. लांब, सैल टाक्यात बाळाचं बोट अडकतं, धागा बोटाभोवती आवळतो आणि रक्त थांबतं. निळं पडलेलं बोट घेऊन धावत आलेली आई आम्ही पाहिली आहे.

रोगांविषयी दोन समज दूर केले पाहिजेत. क्षयाचा रोगी गेला किंवा बरा झाला की घरचे त्याची गोधडी जाळतात. गरज नाही. क्षय हवेतून पसरतो, खोकल्यातून. कपड्यातून, भांड्यातून नाही. धुऊन उन्हात वाळवा आणि वापरा. जी गोधडी जाळता ती विकत घ्यायला पैसे लागतात, आणि जाळण्यात रोग्याचा जो अपमान होतो तो वेगळाच. खरूज मात्र कपड्यातून जाऊ शकते. तिचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसच जगतो. हात घालवत नाही इतक्या गरम पाण्यात भिजवून उन्हात वाळवलं की मरतो. एवढं पाणी तापवणं जमत नसेल तर गोधडी प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. ढेकणांना मात्र ही पिशवी पुरत नाही, ते उपाशीपोटी महिनोन्‌महिने राहतात, त्यांना गरम पाणीच हवं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावलं नाही तर गोधडी धुऊन काही उपयोग नाही, हेही सांगून ठेवतो.

शिवणारीबद्दल कुणी बोलत नाही. गोधडी दान झाली की नाव मंडळाचं होतं, कातरण देणाऱ्या टेलरचा सत्कार होतो. पण गोधडीत सगळ्यात महाग काय असतं, तर बाईचे दिवस. धुणी-भांडी करून आलेली बाई रात्री पिवळ्या बल्बखाली सुईत दोरा ओवते. चाळिशी लागलेली असते पण चाळीशी घेतलेली नसते, आणि मग डोकेदुखीची गोळी खात राहते. मंडळाने दोरा-सुया आणण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. काम दुपारच्या उजेडात, विहाराच्या ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून करावं, अर्ध्या तासाने उठावं. कठीण चीवराच्या दिवशी चीवर एकट्याने शिवायचं नसतं. ‘कठीण’ म्हणजे मुळात कापड ताणून धरण्याची चौकट, आणि भिक्खू मिळून एकाच दिवसात ते काम पुरं करत. एका बाईवर पाच गोधड्यांचा भार टाकून तिला ‘दानशूर’ म्हणू नका.

शहरात आता गोधडीला प्रदर्शनात हजारो रुपये मिळतात. दानासाठी म्हणून शिवून घ्यायच्या आणि प्रदर्शनात विकायच्या, असं करणारे लोकही आम्हाला भेटलेत. ज्या बाईला विकायची आहे तिने जरूर विकावी, चांगला भाव घ्यावा, त्यात दानापेक्षा तिळभर कमी काही नाही. पण दानाची आणि विक्रीची गोधडी आधीच वेगळी ठेवा, आणि हिशोब वहीत लिहा.

देताना फोटो नको. एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणीच्या वॉर्डात पाहुणे शिरले, पदर सरलेल्या, बाळाला पाजणाऱ्या बाईच्या खाटेशी उभं राहून फोटो काढले. तिने गोधडी घेतली, तोंड भिंतीकडे केलं. वॉर्डाच्या सिस्टरकडे गोधड्या सोपवा, कुणाला गरज आहे हे तिला माहीत असतं. वॉर्डात देताना गोधडी धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून द्या आणि ती आईने घरी नेण्यासाठीच आहे, हे सांगा.

वॉर्डाइतकीच गरज उसाच्या फडात आहे. बीड आणि मराठवाड्यातल्या टोळ्या दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोपीत झोपायचं, पहाटे अंधारात फडात जायचं, तान्हं बाळ बांधावर. डिसेंबरच्या पहाटे त्या बांधावर दव पडतं. त्या बाळाला कारखान्यावर पोचून गोधडी देण्यापेक्षा टोळी गावातून निघण्याआधी द्यावी, गाडीत बोचक्याबरोबर जाते. म्हणजे आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेपर्यंत गोधड्या तयार हव्यात. शाळेच्या गणवेशांची शिलाई जूनमध्येच संपली. सणासुदीचे ब्लाऊज आता श्रावणापासून येऊ लागतील, तेव्हा सुती कातरण सगळ्यात जास्त पडेल. या आठवड्यात टेलरदादांशी बोला आणि त्यांच्या मशिनीशेजारच्या खिळ्याला एक रिकामी पिशवी अडकवून या, नाहीतर ते कातरण किलोने चिंधीवाल्याकडे जातं आणि गॅरेजात हात पुसायला लागतं.